तांबे-पितळ घ्यावे की जंतुरोधक कोटिंग? नागपुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवाखाने, शाळा, मंगल कार्यालये आणि गृहनिर्माण संस्था सांभाळणाऱ्या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. आधी मूलभूत प्रश्न आणि नंतर अडचणीचे अपवाद असा क्रम ठेवला आहे. एखाद्या मुद्द्याचे विवेचन दुसरीकडे आले असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जंतुरोधक धातू आणि जंतुरोधक कोटिंग यांत नेमका फरक कोणता?

तांबे, पितळ किंवा कांसे यांच्यात जंतू मारण्याचा गुण धातूच्या घडणीतच असतो. पितळी हँडल वर्षानुवर्षांच्या वापराने झिजले, त्यावर ओरखडे पडले, तरी खालून पितळच वर येते आणि गुण कायम राहतो. कोटिंग म्हणजे लोखंड, लाकूड, प्लास्टिक किंवा काचेवर चढविलेला थर. त्यात चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, सोडणारे कण, क्वाटरनरी अमोनियम जातीची रसायने, टायटॅनियम डायऑक्साइड किंवा तांब्याची संयुगे मिसळलेली असतात. पावडर कोटिंगचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉन जाडीचा असतो, तर फवारणीने बसविलेला थर इतका पातळ असतो की तो आहे की गेला हे डोळ्यांना कळत नाही. कोटिंगचा गुण थरापुरता आणि थर टिकेल तितक्याच काळापुरता असतो. पुढच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ या फरकात आहे.

२. तांब्यावर जंतू मरतात म्हणजे प्रत्यक्षात काय घडते?

तांब्याच्या पृष्ठभागावरून आयन सुटत राहतात. जीवाणू त्या पृष्ठभागाला टेकला की त्याच्या बाह्य आवरणाला इजा होते, आतील द्रव्य बाहेर झिरपू लागते, तांबे पेशीत शिरून प्रथिनांची रचना बिघडवते, आणि अखेरीस त्याच्या डीएनएचे तुकडे पडतात. अत्यल्प प्रमाणातील धातूंचा सूक्ष्मजीवांवर घातक परिणाम होतो, हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन नेगेली यांनी नोंदविले होते आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १८९३ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली म्हणजे यासाठी प्रत्यक्ष स्पर्श लागतो. खोलीत तांब्याची वस्तू ठेवल्याने हवा शुद्ध होत नाही. दुसरी म्हणजे वेळ. ओलावा लगेच वाळून जीवाणू थेट धातूला चिकटले, तर काम मिनिटांत होते; पाण्याच्या थेंबात तरंगणाऱ्या जीवाणूंसाठी काही तास लागू शकतात.

३. पितळ, कांसे आणि जर्मन सिल्व्हर यांनाही हा गुण असतो का?

असतो, पण त्यातील तांब्याच्या प्रमाणानुसार कमी-अधिक. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंची नोंदणी केली आणि नियमित स्वच्छता केल्यास दोन तासांत ९९.९ टक्क्यांहून अधिक जीवाणू मरतात असे लिहिण्यास परवानगी दिली. अशी मुभा मिळालेले हे पहिले घन पदार्थ होते. त्या नोंदणीत तांब्याचे प्रमाण किमान ६० टक्के धरले आहे. पितळेत तांब्याबरोबर जस्त असते, कांशात कथील असते आणि जर्मन सिल्व्हरमध्ये जस्ताबरोबर निकेल असते. नावात चांदी असली तरी त्यात चांदी नसते.

आपल्या शेजारचा भंडारा जिल्हा पितळेच्या भांड्यांसाठी पूर्वीपासून ओळखला जातो आणि इतवारीत पितळी वस्तूंची दुकाने आहेत, त्यामुळे पितळ मिळविणे नागपूरकरांना अवघड नाही. अवघड आहे ते मिश्रणाचे प्रमाण कळणे. हँडल किंवा कठडे मोठ्या संख्येने घ्यायचे असतील, तर विक्रेत्याकडून मिश्रधातूच्या रासायनिक विश्लेषणाचा दाखला मागावा.

४. स्टेनलेस स्टील इतके स्वच्छ दिसते. ते पुरेसे नाही का?

ते धुण्यास सोपे आणि गंजास चिवट आहे, पण जंतू मारत नाही. त्याच्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा घट्ट पापुद्रा त्याला गंजू देत नाही आणि त्याच कारणाने आयनही बाहेर पडू देत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस जीवाणू, म्हणजे एमआरएसए, जवळजवळ शुद्ध तांब्यावर दीड तासाच्या आत संपले, तर स्टेनलेस स्टीलवर ७२ तासांनंतरही जिवंत आढळले. ॲल्युमिनियमवरही असाच ऑक्साइडचा थर असतो, त्यामुळे त्याच्याकडूनही हे काम होत नाही.

५. प्रत्येक माहितीपत्रकात “९९.९ टक्के जंतू नष्ट” असे छापलेले असते. मग निवड कशी करावी?

टक्केवारीच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात: किती वेळात, किती तापमानाला आणि किती आर्द्रतेत. ९९.९ टक्के म्हणजे १० लाखांपैकी १,००० जीवाणू शिल्लक राहिले. हे दोन तासांत झाले की चोवीस तासांत, यावर सगळे अवलंबून आहे, कारण दवाखान्यातील दाराच्या मुठीला दोन स्पर्शांच्या मध्ये चोवीस तास कधीच मिळत नाहीत.

कोटिंगच्या अहवालांत बहुधा आयएसओ २२१९६ किंवा तिची पूर्वसूरी असलेली जपानी जेआयएस झेड २८०१ ही पद्धत दिसते. या पद्धतीत जीवाणू असलेला द्रव नमुन्यावर टाकून वर पातळ फिल्म झाकतात आणि नमुना ३५ अंश सेल्सिअस तापमानात, ९० टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत, २४ तास ठेवतात. जपानी मानकानुसार साध्या नमुन्याच्या तुलनेत १०० पट घट दिसली की पदार्थ उत्तीर्ण ठरतो. ही पद्धत चुकीची नाही. प्लास्टिक किंवा रंगाच्या दोन नमुन्यांची तुलना करण्यास ती उपयोगी आहे. पण फिल्मखाली ओलसर राहिलेला तुकडा आणि मे महिन्यातील जिन्याचा कठडा यांच्यात काहीच साम्य नाही. तांब्याच्या मिश्रधातूंसाठी ईपीएने मान्य केलेल्या चाचण्यांत जीवाणू पृष्ठभागावर वाळवले जातात, खोलीच्या तापमानाला दोनच तास दिले जातात, आणि तोच नमुना पुन्हा पुन्हा दूषित करून व घासूनही पाहिला जातो. दोन अहवालांवर एकच आकडा असला, तरी त्यांमागची परीक्षा वेगवेगळी असते.

६. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात चांदीचे कोटिंग काम करते का?

आपल्या शहरासाठी मला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो, आणि विक्रेते त्याचे उत्तर क्वचितच देतात. चांदीचे आयन कणांतून सुटून जीवाणूपर्यंत पोहोचण्यासाठी ओलाव्याचा सूक्ष्म थर लागतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चांदीचे आयन असलेला पदार्थ आणि तांब्याचे मिश्रधातू शेजारी शेजारी तपासले गेले. ९० टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत दोन्हींचा प्रभाव दिसला. परंतु घरात किंवा कार्यालयात असते तशा तापमान-आर्द्रतेत चांदीच्या पदार्थाने लक्षणीय परिणाम दाखविला नाही, तांब्याने मात्र दाखविला. या अभ्यासाच्या लेखकांपैकी एक तांबे उद्योगाच्या संघटनेतील होते, हेही वाचकांना ठाऊक असावे. पण आर्द्रतेचा मुद्दा चांदीच्या रसायनशास्त्राशी जुळणारा आहे.

एप्रिल-मेमध्ये नागपुरात दुपारची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. नवतप्यात, म्हणजे कडक उन्हाच्या त्या नऊ दिवसांत, शाळा रिकाम्या असतात, पण दवाखाने, बँका आणि बसस्थानके भरलेली असतात, आणि त्याच दिवसांत चांदीच्या कोटिंगकडून कमीत कमी अपेक्षा ठेवावी लागते. पावसाळ्यात किंवा पाण्याचा कूलर चालू असलेल्या खोलीत आर्द्रता बरीच वाढते आणि तेथे कोटिंगला अधिक वाव मिळतो. म्हणून स्नानगृह, धुण्याची जागा, पाण्याच्या कूलरची तोटी अशा कायम ओलसर जागी चांदीयुक्त कोटिंगचा विचार करण्यास माझी हरकत नाही. कोरड्या दालनातील हँडलसाठी मात्र कमी आर्द्रतेतील चाचणीचा अहवाल हाती आल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत.

७. मग संपूर्ण चांदीची वस्तू तांब्यापेक्षा सरस ठरेल का?

नाही. प्रश्न ६ मधील ओलाव्याची अट घन चांदीलाही लागू होते. जळालेल्या त्वचेवरील मलम किंवा पाण्याचे फिल्टर अशा ओल्या उपयोगांत चांदी चांगली. कोरड्या स्पर्शासाठी तिचा आग्रह धरू नये.

८. आमच्या शाळेला “प्रकाशाने स्वतःच निर्जंतुक होणारे” कोटिंग सुचविले आहे. ते घ्यावे का?

हे बहुधा टायटॅनियम डायऑक्साइडचे प्रकाश-उत्प्रेरक कोटिंग असते. प्रकाश पडला की त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनची क्रियाशील रूपे तयार होतात आणि ती जंतूंवर मारा करतात. साध्या टायटॅनियम डायऑक्साइडला त्यासाठी सुमारे ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील प्रकाश लागतो. वर्गातील एलईडी दिव्यांतून तो जवळजवळ मिळत नाही. विदर्भाच्या उन्हात उघड्या असलेल्या भिंतीवर हे कोटिंग उत्तम चालेल, पण त्या भिंतीला हात कोण लावतो? बाकाच्या खालच्या कडेला, दाराच्या मुठीच्या आतल्या बाजूला आणि रात्री कोठेच ते काम करत नाही. दृश्य प्रकाशात चालणारे सुधारित प्रकारही आहेत; तसा दावा असेल तर किती प्रखर प्रकाशात चाचणी झाली, ते लेखी घ्यावे आणि वर्गातील प्रकाशाशी ताडून पाहावे.

९. एकदा फवारणी केली की महिनोन्महिने संरक्षण मिळते, असे सांगतात. ते खरे आहे का?

अशा फवाऱ्यांत बहुधा सिलेनला जोडलेले क्वाटरनरी अमोनियम असते. सिलेनचा भाग पृष्ठभागाला पकडतो आणि धन विद्युतभार असलेला दुसरा भाग जीवाणूच्या ऋणभारित आवरणाला इजा करतो. प्रयोगशाळेत हे दिसते. प्रत्यक्षात थर इतका पातळ असतो की हातांचा मेद, धूळ आणि मेलेल्या जीवाणूंचे अवशेष त्यावर साचले की तो झाकला जातो. शिवाय साबण आणि कपडे धुण्याची बहुतेक पावडर ऋणभारित असते व ती या रसायनाचा प्रभाव मारते. म्हणजे सफाई कर्मचारी नेहमीच्या पद्धतीने पुसत राहिले, तर संरक्षण त्यांच्याच हातून कमी होते. ज्या पृष्ठभागाला दिवसातून शेकडो हात लागतात, तेथे महिन्यांचा दावा मी मान्य करणार नाही. विक्रेत्याला तो सिद्ध करायचा असेल, तर घासून व धुऊन झाल्यानंतर घेतलेल्या चाचणीचा अहवाल त्याने दाखवावा.

१०. बाजारातून पितळी हँडल आणले. ते खरोखर जंतुरोधक आहे, हे घरी कसे ओळखावे?

सर्वाधिक फसगत येथेच होते. नवे पितळी हँडल काळे पडू नये म्हणून त्यावर पारदर्शक लॅकर मारलेला असतो. हात लागतो तो लॅकरला, पितळेला नव्हे, आणि जंतुरोधक गुण शून्यावर येतो. मल्टिमीटर असेल तर तो कंटिन्युइटीवर लावून दोन्ही टोके हँडलवर हलकेच ठेवावीत. आवाज आला नाही तर वर विद्युतरोधक थर आहे असे समजावे. टोके दाबून ओरखडा पाडू नये, नाहीतर थर असूनही आवाज येईल.

दुसरी शंका मुलाम्याची. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे हे नक्की; पण चिकटला नाही म्हणून पितळ सिद्ध होत नाही, कारण स्वस्त हँडल जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असते आणि त्यालाही चुंबक चिकटत नाही. मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला कानशीने बारीक खरवडावे: खाली पिवळा धातू दिसला तर पितळ, राखाडी-पांढरा दिसला तर मुलामा. सारख्याच आकाराच्या वस्तूंत पितळ हाताला स्पष्टपणे जड लागते.

११. पितळेवर जंतुरोधक पावडर कोटिंग केले, तर दुहेरी फायदा होईल ना?

होणार नाही. पावडर कोटिंग पितळेला पूर्ण झाकते, म्हणून पितळेचा खर्च वाया जातो आणि हाती केवळ कोटिंगचा गुण उरतो. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीतील कारखान्यातून पावडर कोटिंग करून घ्यायचेच असेल, तर ते साध्या लोखंडी खाटेवर किंवा कपाटावर करावे. भट्टीचे तापमान बहुधा १८० ते २०० अंश असते. चांदीसारखे अकार्बनी घटक ते सहन करतात, परंतु सेंद्रिय रसायने करतीलच असे नाही, म्हणून पावडरमध्ये कोणता घटक आहे हे विचारून घ्यावे.

१२. आणि कोटिंगच तांब्याचे असेल तर?

येथे प्रश्न १ मधील विभागणी थोडी धूसर होते. वितळलेले किंवा अतिवेगाने आदळणारे तांब्याचे कण फवारून जाड धातूचा थर चढविला, तर तो थर झिजेपर्यंत घन तांब्यासारखाच वागतो. विद्युत मुलाम्याने दिलेला काही मायक्रॉनचा थर सततच्या स्पर्शाने कडांवर लवकर उघडा पडतो. राळेत तांब्याचे कण कालवलेले असतील, तर किती कण प्रत्यक्ष पृष्ठभागावर आले आहेत यावर सारे ठरते. राळेत बुडालेला कण निरुपयोगी असतो.

१३. तांबे काळे पडले किंवा त्यावर हिरवट डाग आले, तर गुण जातो का?

साधारण काळवंडल्याने गुण जात नाही. हवेतील तांब्यावर प्रथम तयार होणारा लालसर-तपकिरी क्युप्रस ऑक्साइड जवळजवळ तांब्याइतकाच परिणामकारक आढळला आहे. पूर्ण काळा क्युप्रिक ऑक्साइड त्या मानाने मंद असतो. गुण घालवतात ते मळ, तेलकट थर, मेण आणि लॅकर. म्हणून चकाकीसाठी मेणयुक्त पॉलिश कधीही लावू नये.

चिंच, लिंबू-मीठ किंवा पितांबरीसारखी पावडर वापरण्यास हरकत नाही, मात्र नंतर पाण्याने पुसून पृष्ठभाग कोरडा करावा. रोजच्या सफाईसाठी सौम्य साबणाचे पाणी किंवा ७० टक्के अल्कोहोल पुरते. सोडियम हायपोक्लोराइट वापरणे संसर्ग नियंत्रणाच्या नियमांमुळे भाग असेल, तर ठरलेला वेळ झाल्यावर ते साध्या पाण्याने पुसून काढावे, कारण ते तांबे-पितळेला खाते. हिरवट डाग बहुधा घाम, मीठ किंवा आम्लामुळे येतात आणि धुऊन निघतात.

१४. रुग्णालयात तांबे बसविल्याने संसर्ग खरोखर कमी होतो का, की केवळ जंतूंची मोजणी कमी होते?

हा प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टरांचे मला विशेष कौतुक वाटते, कारण पृष्ठभागावर जंतू कमी होणे आणि रुग्णाला संसर्ग न होणे या भिन्न गोष्टी आहेत. पृष्ठभागावरील घट पुष्कळ ठिकाणी दिसली आहे. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात फिलिस कुन यांनी १९८३ मध्येच दाखविले होते, की पितळी मुठींवर जीवाणूंची वाढ तुरळक आणि स्टीलच्या मुठींवर भरपूर होती.

संसर्गाबद्दलचा सर्वाधिक उल्लेखला जाणारा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील तीन रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत काही खोल्यांमधील मोजक्या वस्तू तांब्याच्या केल्या: खाटेचे कठडे, खाटेवरचे टेबल, सलाईनचा खांब, पाहुण्याच्या खुर्चीचे हात यांसारख्या. साध्या खोल्यांत ८.१ टक्के रुग्णांना रुग्णालयजन्य संसर्ग झाला आणि तांब्याच्या खोल्यांत ३.४ टक्क्यांना. फरक मोठा आहे. तरी रुग्णसंख्या सहाशेच्या घरातली होती, आणि तांबे डोळ्यांना दिसत असल्याने कोणती खोली कोणती हे कर्मचाऱ्यांपासून लपविणे शक्य नव्हते. म्हणून मी याला आशादायक पुरावा म्हणतो, निर्णायक नव्हे. कोटिंगच्या बाजूने रुग्णांच्या संसर्गावरचा पुरावा याहून विरळ आहे. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातील सरकारी रुग्णालयांसारख्या गर्दीच्या ठिकाणी हातांची स्वच्छता, पुरेसे सफाई कर्मचारी आणि दोन खाटांमधील अंतर यांवरचा खर्च आधी व्हावा. तांबे त्यांच्या जोडीला.

१५. दवाखाना लहान आहे. मोजक्या पैशांत काय बदलावे?

भिंती आणि फरशी सोडून द्याव्यात. एक दिवस बसून पाहावे, की डॉक्टर, परिचारिका, रुग्ण आणि नातेवाईक या चौघांचेही हात कोणत्या वस्तूंना लागतात. बहुधा यादी लहान निघते: तपासणीच्या खोलीच्या दाराची मूठ, खाटेचा कठडा, सलाईनचा खांब, प्रसाधनगृहाची कडी आणि नळाची तोटी. तेवढ्या वस्तू लॅकर नसलेल्या पितळेच्या कराव्यात. तांबे स्टीलपेक्षा पुष्कळ महाग आहे आणि चोरीला जाते, म्हणून उघड्या व्हरांड्यात लांब कठडे बसविण्याच्या भानगडीत पडू नये.

१६. लिफ्टच्या बटणांवर तांब्याची फिल्म लावली आहे. तिचा उपयोग होतो का?

फिल्म म्हणजे खऱ्या तांब्याचा पत्रा असेल आणि त्यावर लॅकर नसेल, तर होतो. करोनाच्या काळात विकल्या गेलेल्या पुष्कळ फिल्म पारदर्शक प्लास्टिकच्या होत्या आणि त्यात तांब्याचे कण मिसळल्याचा दावा होता. त्यांना प्रश्न ५ आणि १२ मधील कसोट्या लावाव्यात. दाबल्यावर आत जाणाऱ्या बटणांवर पत्रा चालतो, स्पर्शाने चालणाऱ्या बटणांवर तो बटणच बंद पाडतो. ब्रेल अक्षरे झाकली जाणार नाहीत याची काळजी गृहनिर्माण संस्थेने अवश्य घ्यावी. आणि लिफ्टमध्ये दोन माणसांच्या स्पर्शांत एखाद्या मिनिटाचेच अंतर असते; तेवढ्यात तांबेही काम पुरे करू शकत नाही, म्हणून हात धुणे टळत नाही.

१७. कोणत्या जंतूंवर तांबे कमी पडते?

क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिलसारख्या जीवाणूंच्या बीजाणूंवर. त्यांचे कवच कठीण असते आणि तांब्यावरही ते दीर्घकाळ तग धरतात, त्यामुळे तेथे बीजाणुनाशक रसायनानेच सफाई करावी. विषाणूंच्या बाबतीत चित्र बरे आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कोविडचा विषाणू तांब्यावर चार तासांनंतर सक्रिय आढळला नाही, तर प्लास्टिक आणि स्टीलवर तो दोन-तीन दिवसांपर्यंत आढळला. आणि २०२१ मध्ये ईपीएने काही तांबे-मिश्रधातूंना या विषाणूविरुद्धचा दावा करण्यासही मान्यता दिली. कोटिंगवरील आयएसओ २२१९६ चा अहवाल केवळ जीवाणूंविषयी असतो. विषाणूंचा दावा असेल तर आयएसओ २१७०२ चा वेगळा अहवाल मागावा.

१८. प्रतिजैविकांप्रमाणे जंतू तांब्याला किंवा चांदीला सरावतील का?

दोन्ही धातूंना सहन करण्याची जनुके निसर्गात आहेत. चांदीला न जुमानणारा साल्मोनेला १९७० च्या दशकात बोस्टनमधील एका रुग्णालयाच्या जळीत रुग्णांच्या विभागात सापडला होता, आणि खाद्यातून तांबे दिल्या जाणाऱ्या डुकरांमध्ये तांब्याला सहनशील जीवाणू आढळले आहेत. घन तांब्याच्या कोरड्या पृष्ठभागावर मात्र मारा अनेक बाजूंनी आणि वेगाने होतो व डीएनएही तुटते, त्यामुळे अशी सहनशीलता तेथे मृत्यू लांबवते, टाळत नाही. अल्प मात्रेत दीर्घकाळ रसायन झिरपवणाऱ्या कोटिंगची मला अधिक काळजी वाटते, कारण अर्धवट मात्रेतच सहनशील जंतूंना निवडले जाण्याची संधी मिळते. ज्या वस्तूला जंतुरोधकाची गरज नाही, जसे की पेन, फाइलचे कव्हर किंवा खेळणी, तिच्यावर ते लावू नये.

१९. तांब्याच्या गुंडातील पाणी आणि कल्हईची भांडी यांचा या विषयाशी संबंध आहे का?

आहे. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातील अतिसाराचे जीवाणू मरतात, हे प्रयोगांत दिसले आहे. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. साधे पाणी ठेवावे. ताक, लिंबू सरबत, चिंचेचे किंवा आंबिलासारखे आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत कधीही ठेवू नयेत, कारण आम्लात तांबे बेसुमार विरघळते. कल्हई म्हणजे कथिलाचा थर. तो अन्नाला तांब्यापासून वाचवतो आणि त्याच वेळी तांब्याचा जंतुरोधक गुणही झाकतो. कल्हई केलेल्या गंजातील पाणी म्हणून वेगळे शुद्ध होत नाही.

२०. पितळेतील शिसे आणि निकेल यांचा धोका किती?

यंत्रावर सहज कापता यावे म्हणून काही पितळेत साधारण २ ते ३ टक्के शिसे मिसळतात. दाराच्या मुठीपुरता हा धोका अल्प आहे, पण पिण्याच्या पाण्याची तोटी आणि लहान मुले तोंडात घालतील अशा वस्तू यांसाठी शिसेविरहित पितळच मागावे. निकेलची ॲलर्जी असलेल्यांनी जर्मन सिल्व्हरची रोज हाताळायची वस्तू टाळावी.

२१. कूलरच्या टाकीत तांब्याची पट्टी टाकली, तर पाण्याचा वास आणि शेवाळ थांबेल का?

असे करू नये. कूलरची टाकी बहुधा जस्त चढविलेल्या लोखंडी पत्र्याची असते. पाण्यात तांबे आणि जस्त एकत्र आले की विद्युतघट तयार होतो, जस्त झपाट्याने झिजते आणि टाकीला भोके पडतात. पट्टी पत्र्याला टेकली नाही, तरी पाण्यात विरघळलेले तांबे पत्र्यावर जमून तोच परिणाम घडवते. प्लास्टिकच्या टाकीत ही अडचण नसते, पण बोअरच्या जड पाण्याचा क्षार पट्टीवर लवकरच बसतो आणि तांबे झाकून टाकतो. डेंग्यूच्या डासांसाठीही त्या पट्टीवर भिस्त ठेवू नये. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, आतून घासून, कोरडी करून पुन्हा भरावी. डासांची अंडी टाकीच्या भिंतीला पाण्याच्या रेषेजवळ चिकटलेली असतात, म्हणून तो भाग काथ्याने रगडून काढावा.